काडतूस आधी, रायफल नंतर

मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफल निवडताना जाणते शिकारी आधी काडतूस ठरवत आणि मग त्या काडतुसाची रायफल शोधत. बाहेरच्याला हे उलटे वाटते, कारण नजरेत भरते ती रायफल: अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, नळीची निळसर झाक, बाजूच्या पोलादी पट्ट्यांवरचे बारीक नक्षीकाम. जनावरापर्यंत यातले काहीच पोचत नाही. पोचते ती गोळी. तिचे वजन किती, ती कोणत्या वेगाने गेली, आत शिरल्यावर फुलली की तशीच आरपार निघून गेली, एवढ्यावर सगळा निकाल लागतो. आणि काडतूस कोणते घ्यायचे हेही शिकाऱ्याच्या एकट्याच्या मनावर नसे. जनावर, मुलूख, उन्हाळा आणि सरकार या चौघांचा त्यात वाटा असे. दख्खनचा इतिहास पाहिला तर या चौघांत सरकारचा हात सर्वांत लांब पोचलेला दिसतो.

साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांना घासत पुढे सरकते, स्वतःभोवती गरगर फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळे हवेत डळमळत नाही. पिकाच्या राखणीला ठेवलेली बारा बोअरची बंदूक छऱ्यांसाठी ठीक. तीत एकच मोठी गोळी भरूनही बार काढता येतो, पण चाळीस-पन्नास पावलांपलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही. ‘बारा बोअर’ हे माप जुन्या हिशेबातले आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, म्हणजे सुमारे साडेअठरा मिलिमीटरची. त्यामुळे बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. एकोणिसाव्या शतकात हत्तीसाठी चार बोअरच्या बंदुका वापरत. त्यांची गोळी पाव पौंडाची. पुढे रायफलींचे माप इंचाच्या हजाराव्या भागात सांगण्याची रीत पडली आणि .३७५, .४७० असे आकडे आले. या नव्या पद्धतीत आकडा मोठा तर नळी मोठी. दोन्ही मापे बाजारात एकाच वेळी चालत असल्याने नवख्या गिऱ्हाइकाची फसगत होणे साहजिक होते.

आता मुलखाकडे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळच्या शेंदऱ्याला आज लोक ओळखतात ते जालना रस्त्यावरची औद्योगिक वसाहत, मोटारींचे कारखाने आणि ‘ऑरिक’ नगरी म्हणून. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निझामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. भोवतालच्या माळावर काळवीट, चिंकारा आणि लांडगा. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत आणि कन्नडकडच्या गौताळ्याच्या रानात वाघ, बिबट्या, अस्वल, सांबर. वाघ तिथून पुढे नाहीसाच झाला. तिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ २०२१ मध्ये गौताळ्यात पोचला, तेव्हा कित्येक दशकांनी त्या रानाला पट्टेरी जनावर दिसले. काळवीट पस्तीस-चाळीस किलोचे. भरलेला नर सांबर दोनशे किलोच्या वर जातो. नर वाघ साधारण १८० ते २३० किलोचा. आठशे-हजार किलोचा गवा मराठवाड्यात नाही. तो सह्याद्रीत राधानगरी-दाजीपूरकडे आणि मेळघाटात. म्हणजे औरंगाबाद जिल्ह्यातल्या शिकाऱ्याला सर्वांत मोठे गिऱ्हाईक वाघाचे, आणि वाघ अंगाने मोठा असला तरी त्याचे कातडे पातळ आणि हाडे गव्याच्या मानाने हलकी. त्याला हत्तीची रायफल लागत नाही. तरीही बड्या पाहुण्यांबरोबर तशाच रायफली येत. वाघाचे वजन काट्यावर मोजता येते. भीतीचे वजन मोजायला काटा नव्हता, हे त्याचे साधे कारण दिसते.

याच मुलखात शिकारीमुळे घडलेली सर्वांत प्रसिद्ध घटना रायफलीच्या जमान्याच्या आधीची आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीवर आला आणि समोरच्या कड्यात त्याला अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याची कमान दिसली. आत जाऊन त्याने एका खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली. ती अजून तिथे आहे. त्या काळी हत्यार म्हणजे चकमकीची ठासणीची बंदूक. नळीत दारू ओतायची, वर गोळी आणि चिंधी घालून गजाने ठासायची, कानाजवळच्या पेल्यात चिमूटभर दारू टाकायची, मग घोडा चढवायचा. सरावलेल्या हातालाही यात अर्धा मिनिट जाई. वाघ तेवढा थांबत नाही. म्हणून तेव्हाचा शिकारी ‘कोणती बंदूक’ यापेक्षा ‘किती बंदुका’ याचा विचार करी. भरलेल्या दोन-तीन बंदुका घेऊन माणसे मागे उभी राहत आणि पहिला बार उडाला की दुसरी बंदूक हातात देत. त्यातला एखादा भेदरून झाडावर चढला, की साहेबाच्या हातात उरे तो नुसता गज.

पितळी टोपीचे काडतूस आणि मागून भरायची नळी रुळल्यावर चित्र पालटले. १८५० च्या दशकात लंडनच्या पर्डी या बंदूककाराने हलकी गोळी आणि भरपूर दारू वापरणारी ‘एक्स्प्रेस’ रायफल बाजारात आणली आणि पुढची चाळीस वर्षे .५०० आणि .५७७ च्या काळ्या दारूच्या एक्स्प्रेस रायफली हिंदुस्थानात वाघासाठी प्रमाण मानल्या गेल्या. गोळीच्या टोकाला पोकळी ठेवलेली असे, म्हणजे ती अंगात शिरल्यावर फुटून पसरे. वाघावर हे छान चाले; गव्याच्या खांद्यावर मात्र अशी गोळी वरच्यावर फुटून जाई आणि चिडलेले जनावर तसेच अंगावर येई. सातपुड्यात वनखात्याचे काम केलेल्या जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये रायफली आणि गोळ्यांवर पुस्तक लिहिले. काळ्या दारूची आणखी एक खोड होती. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि पुढचे काही क्षण वाघ मेला, पळाला की मचाणाखाली आला, हे दिसतच नसे.

धूर गेला तो कॉर्डाइट या धूरविरहित दारूमुळे. १८९८ मध्ये जॉन रिग्बी कंपनीने .४५० ‘नायट्रो एक्स्प्रेस’ काडतूस काढले: सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास वेग. आधीच्या आठ-दहा किलोच्या अवजड तोफांचे काम आता पाच किलोच्या रायफलीत होऊ लागले. गोळ्याही दोन जातींच्या झाल्या. पूर्ण पोलादी-तांब्याचे आवरण असलेली ‘सॉलिड’ गोळी न फुटता खोल शिरते, ती हत्ती-गव्यासाठी. टोकाला शिसे उघडे ठेवलेली ‘सॉफ्ट नोज’ गोळी आत गेल्यावर छत्रीसारखी फुलते. ती वाघ, अस्वल, सांबरासाठी. वाघावर सॉलिड गोळी झाडणे ही खरोखरची चूक, कारण ती पलीकडून निघून जाते आणि जखमी वाघ शेजारच्या गावाच्या पदरात पडतो.

पण कॉर्डाइटला उन्हाळा मानवत नाही. मराठवाड्यात वाघाच्या शिकारीचा हंगाम एप्रिल-मेचा. गवत वाळून खाली बसलेले, पानगळ झालेली, ओढे आटून एखाद-दुसराच पाणवठा उरलेला; वाघ तिथे येणार हे ठरलेले. हेच दिवस बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचे. दारू तापली की ती जास्त वेगाने जळते आणि नळीतला दाब चढतो. दाब चढला की पितळी टोपी फुगून कोठीला घट्ट चिकटते आणि रायफल उघडेनाशी होते. जखमी वाघ समोर असताना उघडत नसलेल्या रायफलीइतके निरुपयोगी दुसरे काही नाही. म्हणून विलायती बंदूककारांनी हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी लांबच लांब, ऐसपैस टोप्यांची काडतुसे बनवली. भरपूर मोकळ्या जागेत दाब कमी राही, उन्हात चढला तरी मर्यादेत राही. .४७० किंवा .४५०/४०० ची काडतुसे तीन-सव्वातीन इंच लांब दिसतात ती दिमाखासाठी नव्हेत. गरम हवेसाठी दारू थोडी कमी भरलेली काडतुसेही वेगळी विकली जात. तरीही पट्ट्यातली काडतुसे सावलीत ठेवणे आणि मचाणावर रायफल उन्हात पडू न देणे हे शिकाऱ्याच्या नोकराचे रोजचे काम होते.

पावसाळ्यात दुसरे दुखणे. त्या वेळच्या काडतुसांच्या पेटवणीच्या मसाल्यात जे क्षार असत ते बारानंतर नळीत चिकटून राहत आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरत. नुसते तेल लावून क्षार निघत नाहीत. त्यावर उपाय होता तो उकळत्या पाण्याचा. संध्याकाळी चुलीवर पाणी ठेवायचे, नरसाळ्याने ते नळीतून सोडायचे, पोलाद हाताला चटका देण्याइतके तापले की आतला ओलावा आपोआप उडून जातो. मग गजाला चिंधी गुंडाळून नळी कोरडी करायची, शेवटी तेलाचा हात. जुन्या घराण्यांतल्या रायफली आज हाती घेतल्या तर नळीत डोकावताच कळते की हे काम मनापासून झाले होते की नाही. काही नळ्या आरशासारख्या असतात, काहींत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात.

राहिला चौथा वाटेकरी, सरकार. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू लागला. युरोपियनांना त्यातून सूट होती आणि या भेदभावाविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांत पुन्हा पुन्हा ठराव झाले. रायफलीच्या निवडीवर मात्र त्याहून थेट परिणाम झाला तो वेगळ्याच एका हुकुमाचा. इंग्रजांच्या फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफल .४५० मापाची होती. सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे आणि इतरत्र अशा बऱ्याच रायफली पसरल्या होत्या. शिकारीच्या .४५० काडतुसातल्या गोळ्या त्यांच्या कामी येतील या धास्तीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसांवर बंदी आली. नऊ-दहा वर्षांत जिने जम बसवला होता ती रायफल एका फटक्यात बाद झाली. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनी मग बंदीला वळसा घालणारी .४६५, .४७०, .४७५ अशी मापे पुढे केली. सगळ्यांचे काम जवळपास सारखे. गोळीच्या जाडीत केसाएवढा फरक. आज जगभरच्या शौकिनांना .४७० हे नाव ऐकून हुरळायला होते, पण त्या आकड्याच्या लोकप्रियतेमागे वाघ-हत्तींपेक्षा हिंदुस्थान सरकारची भीती जास्त आहे. ती भीती अगदीच निराधार होती असे नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालातून बंगाली क्रांतिकारकांनी पन्नास माउझर पिस्तुले आणि हजारो काडतुसे पळवली. हीच रॉडा कंपनी शिकाऱ्यांना रायफलीही विकत असे. फौजेचे .३०३ हे मापही सामान्य परवानेदाराला वर्ज्य ठरले आणि स्वातंत्र्यानंतरही ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणून वर्ज्यच राहिले.

काडतूस ठरले की मग दोन नळ्यांची ‘डबल’ की खटक्याची ‘बोल्ट अ‍ॅक्शन’ हा प्रश्न. शिकाऱ्याचे स्वप्न रंगे ते डबलमध्ये. शेजारी शेजारी जोडलेल्या दोन नळ्या, प्रत्येकीचा चाप आणि कळ स्वतंत्र. म्हणजे प्रत्यक्षात एका दस्त्यावर बसवलेल्या दोन रायफली. एका बाजूची स्प्रिंग तुटली तरी दुसरी चालते. दुसरा बार पहिल्याच्या पाठोपाठ काढता येतो आणि मधे खटका ओढल्याचा खडखडाट होत नाही. मचाणावर या शांततेला मोल असते. पण डबल घडवणे हे महिन्यांचे काम. दोन नळ्या समांतर जोडल्या तर बाराच्या धक्क्याने गोळ्या फाकतात, म्हणून त्या पुढच्या टोकाला किंचित आत वळवून जोडाव्या लागतात. किती वळवायच्या हे कागदावर ठरत नाही. कारागीर बार काढतो, निशाण पाहतो, नळ्यांमधली पाचर हलवून पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो; दोन्ही गोळ्या ठरलेल्या अंतरावर एका तळहाताएवढ्या जागेत पडेपर्यंत हे चालते. ते जमते ते एकाच वजनाच्या गोळीला आणि एकाच मापाच्या दारूला. दुसरे काडतूस घातले की एक गोळी डावीकडे, एक उजवीकडे. ज्या काडतुसासाठी डबल घडवली ते बंद पडले की रायफलही कपाटात जाते. अशी नवी विलायती डबल आज घ्यायची म्हटली तर किंमत कोटी रुपयांच्या पुढे सहज जाते.

बोल्ट अ‍ॅक्शन हे गरिबाघरचे हत्यार म्हणून सुरू झाले आणि शेवटी तेच टिकले. जर्मनीच्या माउझरने १८९८ मध्ये फौजेसाठी बनवलेल्या यंत्रणेत एक रुंद पोलादी पंजा आहे. तो काडतुसाची कड पकडून ते कोठीत नेतो आणि वापरलेली टोपी ओढून बाहेर टाकतो. शिकारी घाबरून अर्धवट खटका मारो की रायफल वाकडी धरो, पंजा काडतूस सोडत नाही. पेटीत तीन-चार काडतुसे राहतात. इंग्रज कंपन्यांनी हीच यंत्रणा विकत घेऊन त्यावर आपापली काडतुसे बसवली. रिग्बीचे .४१६ आणि हॉलंड अँड हॉलंडचे .३७५ मॅग्नम ही दोन्ही १९११-१२ च्या सुमाराची. .३७५ ची गोळी १९ ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेसातशे मीटरच्या वर. ती काळविटाला फार जड नाही आणि गव्याला फार हलकी नाही. सगळ्या मुलखासाठी एकच रायफल ठेवायची असेल तर कोणती, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षे झाली तरी बहुतेक जाणकार हेच देतात. त्यात तक्रार करण्यासारखे फारसे काही सापडत नाही.

मोठी रायफल म्हणजे सुरक्षित रायफल, हा समज मात्र तपासून घ्यावा लागतो. मराठी वाचकांना भाषांतरांतून घरच्यासारखा झालेला जिम कॉर्बेट याचे उत्तम उदाहरण आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी १९०७ मध्ये त्याला रिग्बीची .२७५ रायफल भेट दिली. तिची गोळी जेमतेम नऊ ग्रॅमची, .४७० च्या गोळीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकी. कॉर्बेटजवळ जेफ्रीची .४५०/४०० ची जड डबलही होती आणि दाट झाडोऱ्यात जखमी जनावरामागे जाताना तो तिचा आधार घेई. पण दिवसभर डोंगर चढायचा तर खांद्यावर हलकी रिग्बीच असे. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने याच मापाच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले, कारण हत्तीच्या कवटीत मेंदू कुठे असतो हे त्याने कवट्या कापून अभ्यासले होते. यातून नऊ ग्रॅमची गोळी कोणाच्याही हाती पुरेशी आहे असा अर्थ काढणाऱ्यांनी स्वतःचा आणि जनावराचाही छळ मांडला. खरा मुद्दा धक्क्याचा आहे. .४७० चा बार खांद्याला असा हिसका देतो की अनेकजण चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते. सांभाळता येईल तेवढीच ताकद कामी येते. उरलेली गोळी जमिनीत घालवण्यापुरती.

म्हणून अंगाला बसणारा दस्ता हा शोभेचा विषय नव्हता. दस्त्याची लांबी हाताच्या मानाने हवी. लांब असला तर बगलेत अडकतो, आखूड असला तर अंगठा नाकावर आदळतो. रायफल डोळे मिटून खांद्याला लावावी आणि उघडल्यावर मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य एका रेषेत दिसावे, ही कसोटी आजही दुकानात लावतात. वाघ बहुधा संधिप्रकाशात येई, त्यामुळे माशीवर हस्तिदंताचा पांढरा मणी बसवत. मचाण ते वाघ हे अंतर वीस-तीस मीटरचे; लांबच्या नेमाला दुर्बीण बसवण्याची गरज त्या शिकारीत क्वचितच पडे. उंचावरून खाली बार काढताना गोळी जनावराच्या पाठीतून शिरून छातीतून बाहेर येते, तेव्हा तिला खोल जाण्याची ताकद हवी, हेही मचाणवाल्यांचे वेगळे गणित.

राजेरजवाड्यांच्या शिकारीत या गणिताला फारसा वाव नव्हता. हैदराबादचे सहावे निझाम महबूब अली खान स्वतः नामांकित नेमबाज होते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन त्यांच्या राज्यात वाघाला आले, तेव्हाचे वाघापाशी उभ्या लॉर्ड आणि लेडी कर्झनचे छायाचित्र अजून सर्वत्र छापले जाते. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी वाघाच्या शिकारीवर मार्गदर्शक पुस्तकच लिहिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना चित्ते पाळून काळविटाची शिकार करण्याचा नाद होता. तिथे रायफलीचा प्रश्नच नव्हता. वाघाच्या शिकारीत शेकडो हाकारे डबे-ढोल वाजवत वाघाला मचाणासमोर आणणार, पाहुण्याच्या शेजारी दरबारचा कसलेला शिकारी भरलेली रायफल घेऊन बसणार आणि दोन बार एकाच वेळी उडाले तर वाघ पाहुण्याचा, असा रिवाज. अशा ठिकाणी रायफल निवडली जाई ती पाहुण्याच्या मानाप्रमाणे. हाक्यातल्या माणसांच्या हातात काठीपलीकडे काही नसे आणि जखमी वाघाची पहिली गाठ त्यांच्याशीच पडे. शिकारीच्या इंग्रजी पुस्तकांत काडतुसांवर पानेच्या पाने आहेत; हाकाऱ्यांना त्यामानाने ओळी फार थोड्या.

स्वातंत्र्यानंतर विलायती माल आटत गेला. सामान्य परवानेदाराच्या हाती आली ती इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ ची रायफल: फौजी ली-एनफील्डच्या धाटणीची, पण फौजेत न चालणाऱ्या मापाची. सुमारे सोळा ग्रॅमची गोळी, बेताचा वेग, उघडा नेम. सांबर-रानडुकरासाठी ती पुरे, वाघासाठी काठावरची. तरी काडतूस देशात मिळते या एकाच गुणावर तिने सगळ्या विलायती रायफलींना मागे टाकले. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी शिकारी डॉलर मोजून मध्य भारतात येत. नागपूरची अ‍ॅल्विन कूपर ही कंपनी त्यांची सोय लावणाऱ्यांत नावाजलेली होती. ते येताना आपली .३७५ घेऊन येत आणि जाताना कातडे घेऊन जात.

हे सगळे १९७० मध्ये थांबले. वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ च्या गणनेत वाघ उरले होते अवघे १,८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. मूळ कायद्यात काही जनावरांसाठी शिकारीचा परवाना मिळण्याची वाट उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद केली. पहिल्या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला आज तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. भारतात मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी रायफल विकत घेणे या गोष्टीला आता कायदेशीर अर्थच उरलेला नाही. रोही आणि रानडुकरे पिकाची नासाडी करतात तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीने मर्यादित मुभा मिळू शकते, पण ती पिकाच्या रक्षणासाठी, शौकासाठी नव्हे.

निवडीचा प्रश्न उरला आहे तो सरकारपुढे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेले जनावर मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली देऊ शकतात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत असा बार नेमबाजीत तरबेज असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याने योग्य बोअरच्या हत्याराने काढावा, असे म्हटले आहे. यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूंशी जोडली गेलेली टी-१ ऊर्फ अवनी ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात मारली गेली, ती खासगी नेमबाजाच्या गोळीने. नंतरच्या चौकशीत बंदुकीच्या मापापेक्षा माणूस कोण होता, बेशुद्धीचा डार्ट खरोखर आधी मारला होता का आणि वाघीण त्या क्षणी कुठे तोंड करून होती, यांवरच प्रश्न उभे राहिले.

छत्रपती संभाजीनगर आणि शेंदऱ्याच्या पट्ट्यात आता वापरात असलेली रायफल डार्टची आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ वसाहतीत शिरलेला बिबट्या डार्ट मारूनच पकडला. जुलै २०२४ मध्ये उल्कानगरीत आणि प्रोझोन मॉलच्या परिसरात पुन्हा बिबट्या कॅमेऱ्यांत दिसला आणि वनखात्याची पथके तीच बंदूक घेऊन फिरली. तिची निवडही काडतुसाच्याच वाटेने जाते, फक्त दारूच्या जागी दाबलेला वायू आणि गोळीच्या जागी औषध भरलेली सुई. बिबट्याचे वजन पन्नास किलो की सत्तर, त्यावर झायलाझिन आणि केटामिनची मात्रा. अंतर किती, त्यावर वायूचा दाब. दाब कमी पडला तर सुई वाटेतच खाली पडते, जास्त झाला तर हाड फोडते. मांडीचा किंवा खांद्याचा भरलेला स्नायू सोडून दुसरीकडे मारायची नाही. सुई लागल्यावर औषध चढायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात जनावर कुंपणे ओलांडून गल्ल्यांत शिरू शकते, म्हणून जमाव मागे हटवल्याशिवाय चाप ओढत नाहीत. ही शेवटची अट पाळणे शहरात सर्वांत अवघड जाते.

जुन्या रायफली काही घरांत अजून आहेत. परवानेदार वारला की वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवान्याचा अर्ज करायचा असतो. शस्त्रकायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानेदाराला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, त्यामुळे तीन-चार रायफली असलेल्या घराण्यांना निवड करावीच लागली. भिंतीवरच्या कातड्यांसाठी आणि शिंगांसाठी मालकीचा दाखला वेगळा. अशा वेळी बहुतेकजण नक्षीची डबल विकायला काढतात आणि .३१५ ठेवून घेतात. .४७० ची काडतुसे देशात जवळपास मिळत नाहीत, वैयक्तिक आयातीचा मार्ग नेमबाजीच्या खेळाडूंपलीकडच्यांना बंद आहे, आणि .३१५ चे काडतूस अजून सरकारी कारखान्यात बनते.